'डमी आउटपुट' दिसतंय आणि आवाज नाही? लिनक्सवरचं साउंड कार्ड तपासायचं कसं

सेटिंग्जमधलं साउंड उघडावं, तर आउटपुटच्या जागी एकच नाव: 'डमी आउटपुट'. आवाजाची पट्टी शंभरावर, व्हिडिओ पुढे सरकतोय आणि लॅपटॉप मुका. हा प्रकार मी इतक्यांदा निस्तरलाय की फोनवर समोरचा "अहो, लिनक्स टाकलं आणि आवाजच..." एवढं म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून असे फोन वाढलेत. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेतले सात जुने लॅपटॉप मी उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांवर (तयार सिस्टीमवर) आणले, त्यातल्या तिघांनी पहिल्याच दिवशी मौनव्रत धरलं. तिन्हींची कारणं वेगळी निघाली.

लक्षणं आधी नीट बघा

"आवाज येत नाही" या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात. तुमचं कुठलं ते ओळखा:

– फक्त 'डमी आउटपुट' दिसतंय, बाकी काही नाही. म्हणजे साउंड सर्व्हरच्या (सगळे आवाज एकत्र करून कार्डाला देणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती एकही कार्ड लागलेलं नाही.
– कार्डाचं नाव दिसतं, गाणं लावलं की पट्टी नाचतेही, पण स्पीकर गप्प. इथे ड्रायव्हर बहुतेक ठीक असतो. वाटेत कुठेतरी म्यूट आहे, नाहीतर आवाज भलत्याच दाराने बाहेर पडतोय.
– हेडफोनमध्ये येतो, स्पीकरमध्ये नाही. किंवा उलटं.
– काल होता, आज नाही. मधे अपडेट झालं, लॅपटॉप झोपवून उठवला, किंवा घरात कुणीतरी विंडोज उघडून बंद केलं.
– आवाज आहे, पण सुरू होताना 'टक्' होतं आणि पहिला शब्द गिळला जातो.
– ऐकू सगळं येतं, माइक तेवढा बंद.

एवढं ओळखलं की अर्धा वेळ वाचतो. दुसऱ्या-तिसऱ्या लक्षणासाठी लोक कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलत बसतात आणि पहिल्यासाठी स्पीकर बदलून आणतात. दोन्ही मी पाहिलंय.

ड्रायव्हर 'टाकायचा' नसतो

विंडोजवर फॉरमॅट केलं की ड्रायव्हर शोधून टाकायची आपल्याला सवय. लिनक्सवर साउंडचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतो. त्या सगळ्याला 'अल्सा' म्हणतात. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरने १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी ते काम सुरू केलं आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून 'ओएसएस' या जुन्या साउंड यंत्रणेची जागा अल्साने घेतली. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेलने २००४ मध्ये ठरवलेल्या 'एचडी ऑडिओ' पद्धतीची चिप असते आणि तिला 'एसएनडी-एचडीए-इंटेल' हा ड्रायव्हर चालवतो. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या मशीनवरही तोच असतो, तेव्हा तो दिसला म्हणून दचकू नका.

त्यामुळे "ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?" हा प्रश्नच चुकीचा. आत बसलेला ड्रायव्हर उभा का राहिला नाही, किंवा उभा राहूनही त्याचं बोलणं बाहेर का येत नाही, हे शोधायचं. पूर्वी अल्साचं गाठोडं उतरवून हाताने कम्पाइल करायचो आम्ही. ते दिवस कधीच गेले, पण त्या काळातल्या सूचना इंटरनेटवर अजून फिरतात. एका मुलाने त्यातल्या चौदा आज्ञा ओळीने चालवल्या होत्या. त्यातल्या एकीने पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर मुळासकट काढला, त्याच्यासोबत डेस्कटॉपची अर्धी पॅकेजं गेली आणि पुढच्या वेळी लॅपटॉप काळ्या पडद्यावर थांबला. मूळ दुखणं काय होतं? एक म्यूट झालेला चॅनल. 'एम' हे बटण एकदा दाबायचं होतं.

म्हणून क्रम सोडू नका. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१. पूर्ण बंद करा, रीस्टार्ट नको

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, मग चालू करा.

यामागचं कारण असं, की साउंडची चिप आपल्या अंगावर काही नोंदी बाळगून असते: कुठली पिन चालू, कुठला अॅम्प्लिफायर झोपलेला. रीस्टार्टमध्ये तिची वीज जातेच असं नाही, त्यामुळे आधीच्या सिस्टीमने सोडलेला पसारा पुढचीच्या वाट्याला येतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं, कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' शटडाउन केल्यावरही अर्धवटच झोपतं. विंडोजमधून बाहेर पडताना शिफ्ट दाबून शटडाउनवर क्लिक केलं की ते खरोखर बंद होतं. तेवढ्याने आवाज परत आला, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांतून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा आणि इथेच वाचन थांबवा.

२. जॅकमध्ये बोट नाही, टॉर्च घाला

हेडफोनच्या भोकात आवाजाच्या तारांबरोबर 'पिन लागली आहे का' हे सांगणारी एक बारीक पट्टी असते. ती दबलेली राहिली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लागलाय आणि तो स्पीकर बंद करतो. लिनक्सचा त्यात काही दोष नसतो.

अभ्यासिकेतल्या तीनपैकी पहिला लॅपटॉप हाच. सेटिंग्जमध्ये काही न लावताही 'हेडफोन्स' दिसत होतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं तर तळाशी राखाडी बोळा: दप्तरातल्या कापडाचे तंतू, घाम आणि धूळ मिळून झालेलं नमद्यासारखं काहीतरी. बॅटरी काढली, लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून कडेकडेने फिरवलं, बोळा अख्खा बाहेर आला. सुई, टाचणी, यू-पिन घालू नका. आतली पट्टी वाकली की मग जॅक बदलणं आलं. तंतू नसतील तर हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करून पाहा, अडकलेली पट्टी पुष्कळदा सुटते.

याच फेरीत कीबोर्डवरचं म्यूटचं बटण बघा. त्यावर दिवा असेल तर तो पेटलाय का तेही. हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय.

३. आवाज टीव्हीकडे तर जात नाही ना

एचडीएमआय केबललाही आवाजाची वाट असते आणि तिचं वेगळं कार्ड धरलं जातं. ते कार्ड आधी सापडलं तर कधीकधी तेच मुख्य ठरतं आणि तुमचं गाणं न जोडलेल्या टीव्हीवर वाजत राहतं. सेटिंग्जमध्ये आउटपुटच्या यादीतून 'स्पीकर्स' किंवा 'अॅनालॉग' निवडा. यादीत ते नसेलच, तर 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचं छोटं अॅप टाका. त्याच्या शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल 'ऑफ' असेल तर 'अॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' करा. साध्या सेटिंग्जमध्ये हे प्रोफाइल नेहमीच दिसतं असं नाही, म्हणून माणसं गोंधळतात.

४. अल्सामिक्सर: सगळ्यात जास्त आवाज मी इथेच परत आणलाय

टर्मिनल उघडा आणि 'अल्सामिक्सर' टाइप करा, एकच शब्द. एक उभी पट्टी दिसेल, तीही भरलेली. इथेच लोक "सगळं ठीक आहे" म्हणून बंद करतात. ती पट्टी खऱ्या कार्डाची नाही, वरच्या साउंड सर्व्हरची आहे. 'एफ६' दाबा (लॅपटॉपवर बहुधा 'एफएन' धरून), यादीतून खरं कार्ड निवडा. आता पट्ट्यांची रांग उघडते: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम वगैरे.

प्रत्येक पट्टीच्या पायाशी एक चौकोन असतो. त्यात 'एमएम' असेल तर तो चॅनल म्यूट. हिरवी दोन शून्यं असतील तर खुला. बाणाने त्या पट्टीवर जा, 'एम' दाबा, वरच्या बाणाने पातळी वाढवा. मास्टर खुला आणि 'स्पीकर' म्यूट, ही जोडी फार नेहमीची. सरकत उजवीकडे गेलात की 'ऑटो-म्यूट मोड' सापडेल. तो 'एनेबल्ड' असताना जॅकमध्ये पिन आहे असं वाटलं की स्पीकर बंद होतात. वरच्या दुसऱ्या तपासणीतला जॅक खराबच झाला असेल, तर हे 'डिसेबल्ड' करून स्पीकर चालवता येतात. बदललेलं टिकावं म्हणून बाहेर पडून 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' द्या ('सुडो' म्हणजे ती आज्ञा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य व्यवस्थापकाच्या, अधिकाराने चालवणं). स्पेलिंग मात्र ए-एल-एस-ए-सी-टी-एल असं आखूड आहे.

चाचणीला यूट्यूब लावू नका, ब्राउझरचा टॅबच म्यूट असू शकतो. 'स्पीकर-टेस्ट' पुढे जागा सोडून 'डॅश सी २', पुन्हा जागा, 'डॅश टी', जागा, 'वेव्ह' (डब्ल्यू-ए-व्ही) द्या. एक बाई आळीपाळीने 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' म्हणते. ती दोन्हीकडून ऐकू आली की खालचा सगळा मजला शाबूत. कंट्रोल-सीने तिला थांबवा.

५. साउंड सर्व्हरला एक धक्का

अल्साच्या डोक्यावर एक वाटप करणारा बसलेला असतो, म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ, मीटिंग सगळ्यांचे आवाज एकत्र करून कार्डाला देणारा. आधी हे काम पल्सऑडिओ करायचं, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर करतं. फेडोराने ते ३४ व्या आवृत्तीत, २०२१ मध्ये आणलं, उबंटूने २२.१० मध्ये, मिंटने २२ मध्ये. जुन्या आवृत्तीवरून चढत-चढत आलेल्या मशीनवर कधीकधी दोघेही शिल्लक राहतात आणि एका गादीसाठी भांडतात.

आज्ञा अशी: 'सिस्टमसीटीएल', जागा, 'डॅश डॅश यूजर', 'रीस्टार्ट', मग 'वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स' (वायरप्लंबर हा पाइपवायरचा जोडीदार, कुठलं कार्ड कसं वापरायचं ते तो ठरवतो). सुरुवातीला सुडो लावायचं नाही. हा सर्व्हर तुमच्या नावाने चालतो, रूटच्या नाही. मग 'डब्ल्यू-पी-सी-टी-एल स्टेटस' देऊन 'सिंक्स'खाली (म्हणजे आउटपुटच्या यादीत) काय येतं ते बघा. अजून डमीच असेल तर आधी 'एप्ले डॅश एल' द्या (ए-पी-एल-ए-वाय). इथे खरा फाटा फुटतो. एप्लेला कार्ड दिसतंय पण सर्व्हरला नाही, तर भांडण वरच्या मजल्यावर. एप्लेलाही 'नो साउंडकार्ड्स' म्हणायची वेळ आली, तर प्रश्न कर्नलपाशी. मग थेट सहाव्या तपासणीवर जा.

वरच्या मजल्याची दोन कारणं मला पुन्हापुन्हा भेटतात. एक, वायरप्लंबरच्या जुन्या आठवणी. घरच्या फोल्डरात लपवलेल्या 'लोकल' फोल्डरातल्या 'स्टेट'मध्ये 'वायरप्लंबर' नावाचं फोल्डर असतं. ते उडवू नका, नाव बदलून ठेवा आणि लॉगआउट करून परत या. दुसरं कारण, कार्डावर आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं. ओळखीच्या एका संगीत शिक्षकांचा लॅपटॉप रोज सकाळी डमी दाखवायचा, दुपारी कधीतरी नीट व्हायचा. 'सुडो फ्यूजर डॅश व्ही' आणि पुढे 'डेव्ह' फोल्डरातल्या 'एसएनडी'मधल्या सगळ्या फायली, असं विचारल्यावर गडी सापडला: 'टिमिडिटी'. विद्यार्थ्यांना मिडी फायली ऐकवायला त्यांनी ते टाकलं होतं आणि त्याच्याबरोबर आलेलं 'टिमिडिटी-डीमन' हे पॅकेज मशीन सुरू होतानाच कार्ड बळकावत होतं. तेवढं डीमनचं पॅकेज काढलं. टिमिडिटी राहिली, मिडी राहिली, आवाजही आला. "म्हणजे मीच सोबत आणलेला तबलजी मला गाऊ देत नव्हता," असं ते म्हणाले.

६. लाइव्ह पेन ड्राइव्ह

यापुढे काहीही बदलण्याआधी एखाद्या नव्या वितरणाचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. खर्च आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, तोही बहुतेकांकडे असतोच.

तिथे आवाज आला, तर हार्डवेअर निरोगी आहे आणि तुमच्या मशीनवरच्या मांडणीत किंवा कर्नलमध्ये खोट आहे. तिथेही आला नाही, तर नव्या कर्नललाही तुमची चिप हाताळता येत नाही किंवा तारच तुटली आहे. ही एक चाचणी पुढचे दोन-तीन तास वाचवते. तरी नव्वद टक्के लोक ती गाळतात, कारण पेन ड्राइव्ह बनवायचा कंटाळा. मी तर आता ती केल्याशिवाय फोनवर पुढचं बोलतच नाही.

७. कर्नल

'यूनेम डॅश आर' दिल्यावर चालू कर्नलचा आकडा येतो. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा. आवाज आला तर दोषी सापडला. तूर्त जुन्यावर राहा, पुढचा अपडेट आला की पुन्हा पाहा.

उबंटू आणि त्याच्या भावंडांवर एक खास खड्डा आहे. तिथे साउंडचे ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवलेले असतात. कर्नल हाताने टाकला, किंवा डिस्क भरल्यामुळे अपडेट अर्धवट राहिला, तर कर्नल येतो आणि हे पॅकेज मागे राहतं. मशीन सुरू होतं, पण आवाज नाही, कधी वायफायही नाही. चालू कर्नलच्या आकड्याचंच एक्स्ट्रा पॅकेज टाकलं की काम झालं. अभ्यासिकेतला दुसरा लॅपटॉप हा. त्याच्या 'बूट'च्या छोट्या विभागात जुन्या कर्नलांची इतकी गर्दी होती की नव्याला पाय ठेवायला जागा नव्हती.

उलट, लॅपटॉप अगदी नवा असेल आणि वितरण दोन-तीन वर्षं जुनं, तर नवा कर्नल घ्या. नवी चिप जुन्या कर्नलला माहीतच नसते. रायझन ६००० मालिकेच्या कित्येक लॅपटॉपवर स्पीकर चालायचे आणि आतला माइक मुका राहायचा, कारण त्या मॉडेलचं नाव कर्नलमधल्या यादीत चढलेलं नव्हतं. असल्या वेळी सेटिंग्ज कितीही चाळल्यात तरी उपयोग नाही.

८. फर्मवेअर: नव्या इंटेल लॅपटॉपवरचं नेहमीचं कारण

'एल-एस-पी-सी-आय', जागा, 'डॅश एन-एन-के' द्या आणि 'ऑडिओ' शब्द शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का? असेल तर ड्रायव्हर कार्डाला चिकटलाय. ती गायब असून फक्त 'कर्नल मॉड्यूल्स' दिसत असेल, तर ड्रायव्हर घरात आहे पण कामावर आलेला नाही. का नाही, ते कर्नलच्या रोजनिशीत सापडतं: 'सुडो डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी). त्यात 'एसओएफ' शोधा.

साधारण २०१९-२० नंतरच्या, आत डिजिटल माइक असलेल्या इंटेल लॅपटॉपवर आवाजाचं काम एक छोटा वेगळा प्रोसेसर करतो. त्याच्या आत चढवायचा प्रोग्राम म्हणजे 'साउंड ओपन फर्मवेअर', आखूड नाव एसओएफ. इंटेलने २०१८ मध्ये तो मुक्तस्रोत म्हणून जाहीर केला. ड्रायव्हर कर्नलमध्ये येतो, पण ही फर्मवेअरची फाइल वेगळ्या पॅकेजात असते. ती नसली की रोजनिशीत 'फर्मवेअर' शब्दाच्या आसपास 'फेल्ड' आणि 'वजा दोन' हा आकडा दिसतो. लिनक्समध्ये वजा दोनचा अर्थ 'अशी फाइलच नाही'.

पॅकेजचं नाव डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', फेडोरावर 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर', आर्चवर 'एसओएफ-फर्मवेअर'. त्याच्या जोडीला 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ'ही आहे ना ते पाहा. कुठल्या लॅपटॉपवर स्पीकर कुठे आणि माइक कुठे, याचा नकाशा त्यात असतो. नकाशा नसेल तर कार्ड सापडतं आणि दारं सापडत नाहीत. डेबियनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर असलं फर्मवेअर स्वतःच घेतो, पण त्याआधीच्या आवृत्तीवरून वर आला असाल तर सोर्सच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग हाताने जोडावा लागतो. वायफायही बंद असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, तेवढं नेट पुरतं. नंतर पूर्ण बंद करून चालू. तिसरा लॅपटॉप इथे बोलू लागला.

९. ड्रायव्हर बदलून पाहणं, पण आधी एका फेरीपुरतं

फर्मवेअर आहे तरी एसओएफ अडतंय, तर कर्नलला जुना एचडीए ड्रायव्हर वापरायला सांगता येतं. थेट फाइलीत लिहू नका. ग्रबच्या मेन्यूत आपल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून हे जोडा: एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी.डीएसपी_ड्रायव्हर=१. कंट्रोल-एक्सने सुरू करा. हा बदल त्या एका फेरीपुरता असतो. बिघडलं तर रीस्टार्ट करा, सगळं जागच्या जागी.

आवाज आला तर मगच 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरात '.कॉन्फ' शेवट असलेली फाइल करून तिथे 'ऑप्शन्स' या शब्दाने सुरू होणारी कायमची ओळ लिहा. मॉड्यूलच्या नावापुढे टिंबाऐवजी जागा येते. आणि किंमत समजून घ्या: जुन्या ड्रायव्हरला डिजिटल माइक दिसत नाही. स्पीकर मिळतील, आतला माइक जाईल. ज्याला ऑनलाइन क्लास घ्यायचे आहेत त्याच्यासाठी हा तोट्याचा सौदा.

त्या 'टक्'साठी याच फोल्डरात 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' लिहा. थोडा वेळ शांतता झाली की चिपला झोपवायची सोय त्याने बंद होते, बॅटरी किंचित जास्त जाते. 'टीएलपी' हे बॅटरी वाचवणारं साधन टाकलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही हे बदलावं लागतं, नाहीतर ते तुमच्यावर कुरघोडी करतं.

'मॉडेल=' देऊन पिनांची मांडणी बदलणं आणि 'एचडीए-जॅक-रीटास्क' हे त्याच्याही पुढचं. हेडसेटचा माइक ओळखला जात नाही, अशा वेळी त्याने काम होतं, पण अंदाजाने दहा मॉडेलं टाकून पाहणाऱ्यांना शेवटी कुठली ओळ कशासाठी होती तेच आठवत नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून.

इथे थांबा

लाइव्ह पेन ड्राइव्हवर आवाज नाही, विंडोज असेल तर तिथेही नाही, आणि हेडफोनमध्येही नाही: हा सॉफ्टवेअरचा मामला नाही. पूर्ण बंद करून चालू केल्यावरही डीमेसेजमध्ये 'नो कोडेक्स फाउंड' येत असेल, तर चिप हाकेला ओ देत नाहीये. एलएसपीसीआयमध्ये 'ऑडिओ' हा शब्दच नसेल तर एकदा बायोसमध्ये जाऊन 'ऑनबोर्ड ऑडिओ' बंद केलेलं नाही ना एवढं पाहा, मग थांबा. पाणी-चहा सांडला असेल, जळका वास आला असेल, स्पीकर घरघरत असेल तर आवाज वाढवून 'बघू तरी' करू नका.

आणखी एक जात आहे: हेडफोन झकास, ड्रायव्हर चिकटलेला, अल्सामिक्सर खुला, तरी पातळ लॅपटॉपचे स्पीकर मुके. अशा काही मशीनमध्ये स्पीकरच्या आधी 'स्मार्ट अॅम्प्लिफायर'ची वेगळी चिप असते आणि तिला त्या-त्या मॉडेलची स्वतंत्र फाइल लागते. ती अपडेटमधून येईपर्यंत आपल्या हातात काही नाही. 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवा, तिने दिलेली माहिती जोडून वितरणाकडे तक्रार नोंदवा. दुसऱ्या मॉडेलची फाइल ढापून बसवू नका. अॅपलच्या चिपवाल्या मॅकसाठी आसाही लिनक्स करणाऱ्यांनी स्पीकर तापण्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम तयार होईपर्यंत आतले स्पीकर मुद्दाम बंद ठेवले होते. चुकीच्या जोराने ते खरंच जळतात.

दोन्ही बाबतींत तोवरची सोय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. काही शे रुपयांत मिळतं, अंगठ्याएवढं असतं, आणि ठरावीक यूएसबी पद्धतीचं असल्यामुळे लिनक्सवर काहीही न टाकता चालतं. नुसत्या आवाजासाठी मदरबोर्ड उघडण्याआधी हे घेऊन बघा.

दुरुस्तीला न्यायचंच झालं तर चिप-लेव्हलचं काम करणाऱ्याकडे न्या. "आवाज येत नाही" एवढंच सांगितलंत तर तो आधी फॉरमॅट मारेल. कागदावर लिहून द्या: लाइव्ह पेन ड्राइव्हवरही आवाज नाही, हेडफोनमध्येही नाही, यूएसबी कार्डावर मात्र येतो, फॉरमॅट करू नये. वर डेटाचा बॅकअप घरीच घेऊन ठेवा. कागद वाचला जाईलच असं नाही.